इंग्रजी क्रियापदं: वाक्यात कोणतं क्रियापद काय काम करतं

'आय डिडन्ट वेन्ट.' इंग्रजी शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. त्यावर लाल फुली मारली की विषय संपला असं आपण समजतो. पण ते बोलणाऱ्या मुलानं शिस्तीत विचार केलेला असतो. मराठीत 'मी गेलो' याचा नकार 'मी गेलो नाही' असा होतो. 'गेलो' जागचं हलत नाही, भूतकाळ त्याच्यातच राहतो आणि मागून फक्त 'नाही' येऊन बसतं. मुलानं 'वेन्ट' तसंच ठेवलं आणि नकार जोडला. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड'नं आधीच उचललेला असतो, एवढं मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाचं इंग्रजी अडतं ते बहुतेक वेळा क्रियापदापाशी. मुख्य, सहायक, सकर्मक, अकर्मक या व्याख्या पाठ असतात, तरी बोलायला उभं राहिलं की उपयोगी पडत नाहीत. म्हणून इथे प्रत्येक प्रकार त्याच्या कामावरून घेतला आहे, आणि आपली मराठी त्याला कुठे मदत करते, कुठे आडवी येते, हे सोबत सांगितलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा आणि वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढा, म्हणजे स्पेलिंगचाही सराव होईल.

पायरी पहिली: वाक्यातलं क्रियापद शोधा

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं: 'मी काल मंडईतून भाजी आणली.' इंग्रजीत ते कर्त्याला खेटून उभं राहतं: 'आय ब्रॉट व्हेजिटेबल्स फ्रॉम द मार्केट यस्टरडे.' कोण आणि काय केलं, हे आधी सांगून टाकायचं. कुठून, कधी, कसं हे मागून. बोलताना अडखळायला होत असेल, तर आधी कर्ता आणि क्रियापद एवढी जोडीच उच्चारायची सवय लावा.

दोन गोष्टी मराठीत चालतात, इंग्रजीत चालत नाहीत. 'हा माझा भाऊ', 'माझं नाव सुनील' ही क्रियापदाविना पूर्ण वाक्यं आहेत. इंग्रजीत तिथे 'इज' लागतंच. आणि 'येतो हं', 'जेवलास का?' यांत कर्ता गाळला तरी क्रियापदाच्या प्रत्ययावरून तो कळतो. इंग्रजी क्रियापदाला असे प्रत्यय जवळजवळ उरलेलेच नाहीत, म्हणून कर्ता बोलून दाखवावा लागतो. इतका, की पाऊस पडत असेल तरी कुणीतरी कर्ता हवा, म्हणून 'इट इज रेनिंग'. त्या 'इट'ला अर्थ नाही, ते फक्त जागा भरतं.

एखादा शब्द क्रियापद आहे की नाही अशी शंका आली, तर वाक्यात 'काल' किंवा 'रोज' घालून पाहा. काळ बदलल्यावर ज्या शब्दाचं रूप बदलतं, ते क्रियापद. ही कसोटी फार उपयोगी आहे, कारण इंग्रजीत एकच शब्द नाम आणि क्रियापद अशी दोन्ही कामं बिनदिक्कत करतो. 'बुक' म्हणजे पुस्तक, पण 'आय बुक्ड टू टिकिट्स' मध्ये तेच क्रियापद. 'वॉटर द प्लान्ट्स' म्हणजे झाडांना पाणी घाल. आपण बोलताना 'तिकीट बुक केलं', 'मेल चेक केला' असं म्हणतो, म्हणजे इंग्रजी क्रियापदालाही आपलं 'करणे' जोडतो. त्यामुळे मूळ इंग्रजीत 'बुक' स्वतःच क्रियापद आहे हे विसरायला होतं.

पायरी दुसरी: रूपं ओळखा

नेहमीच्या इंग्रजी क्रियापदाची जास्तीत जास्त पाच रूपं असतात. 'राइट, राइट्स, रोट, रिटन, रायटिंग'. मराठीत 'लिहिणे'ची रूपं मोजायला बसलात तर पान पुरणार नाही: लिहितो, लिहिते, लिहितोस, लिहितात, लिहिलं, लिहिली, लिहिले, लिहीन, लिहावं. त्या मानानं इंग्रजीत पाठांतर कमी आहे. 'कट' आणि 'पुट' यांची तर तीनच रूपं: 'कट, कट्स, कटिंग'. अपवाद एकटं 'बी': 'बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन' अशी आठ. ती एकमेकांसारखी दिसत नाहीत, कारण इतिहासात वेगवेगळ्या धातूंची रूपं एकत्र येऊन हे क्रियापद बनलं. 'गो'चं 'वेन्ट' असंच दुसऱ्याकडून आलेलं आहे, 'वेन्ड' नावाच्या जुन्या क्रियापदाचा तो भूतकाळ.

वर्गात आपण 'पहिलं, दुसरं, तिसरं रूप' म्हणतो, तेच शब्द पुढे वापरतो. 'राइट' पहिलं, 'रोट' दुसरं, 'रिटन' तिसरं. दुसरं रूप एकटं उभं राहतं. तिसरं रूप वाक्याचं मुख्य क्रियापद म्हणून आलं, तर त्याच्या आधी 'हॅव' किंवा 'बी' लागतंच. 'आय सीन हिम', 'आय डन इट' ही वाक्यं लेखी इंग्रजीत चालत नाहीत ती त्यामुळेच.

अनियमित क्रियापदांची यादी अकारविल्हे पाठ करू नका. आवाजाच्या कुटुंबांत लावा. 'सिंग, सँग, संग' च्या घरात 'रिंग', 'ड्रिंक', 'बिगिन', 'स्विम' येतात. 'बाय, बॉट, बॉट' च्या घरात 'ब्रिंग', 'थिंक', 'कॅच', 'टीच'. 'नो, न्यू, नोन' च्या घरात 'ग्रो', 'थ्रो', 'ब्लो', 'फ्लाय'. 'कीप, केप्ट, केप्ट' सारखी 'स्लीप', 'वीप', 'स्वीप'. 'कट', 'पुट', 'हिट', 'शट', 'लेट' तर बदलतच नाहीत. 'रीड' लिहिताना बदलत नाही, पण भूतकाळात त्याचा उच्चार 'रेड' होतो. ही मेहनत टाळता येत नाही, कारण रोजच्या बोलण्यातली सगळ्यांत जास्त वापराची 'बी, हॅव, डू, से, गेट, मेक, गो, नो, टेक, सी' ही दहाच्या दहा अनियमित आहेत.

नियमित क्रियापदांत अडचण उच्चाराची. भूतकाळाचा प्रत्यय लिहायला एकच, बोलायला तीन. 'वर्क', 'हेल्प', 'वॉश' यांचा शेवट कठोर आवाजानं होतो, म्हणून 'वर्क्ट', 'हेल्प्ट', 'वॉश्ट'. 'प्ले', 'क्लीन' यांचा मृदू, म्हणून 'प्लेड', 'क्लीन्ड'. आणि शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तेव्हाच 'इड' पूर्ण ऐकू येतो: 'वॉन्टिड', 'नीडिड'. स्पेलिंग पाहून 'वॉकेड', 'हेल्पेड' म्हणायची सवय शाळेपासून लागते. ती आठवडाभराच्या मोठ्यानं वाचनात सुटते.

आता कर्त्याबद्दल. 'मी भाकरी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला', 'मी आंबे खाल्ले': मराठीत कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं. इंग्रजीत ते कर्माकडे पाहतही नाही. तिन्ही वाक्यांत 'एट'. कर्त्याकडेही ते, 'बी' सोडलं तर, फक्त वर्तमानकाळात, 'ही, शी, इट' असेल तेव्हा पाहतं आणि 'स' लावतं: 'आय ईट', 'शी ईट्स'. तेवढा एक 'स' सांभाळायचा. 'से'चा उच्चार 'सेज' आणि 'डू'चा 'डज' होतो, हेही लक्षात राहू द्या.

पायरी तिसरी: मुख्य आणि सहायक यांची साखळी

सगळ्या लेखात सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी पायरी ही. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

मुख्य क्रियापद काय घडलं ते सांगतं. सहायक क्रियापद काळ, नकार, प्रश्न यांचा संसार सांभाळतं. सहायकं मोजकी आहेत: 'बी'ची रूपं, 'हॅव'ची रूपं, 'डू'ची रूपं आणि 'कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट' ही नऊ मोडल, म्हणजे शक्यता, सल्ला, सक्ती असे अर्थ जोडणारी सहायकं. क्रियापदं एकामागून एक लागली की त्यांची साखळी बनते, आणि तिचे नियम दोनच.

पहिला नियम: काळाची आणि कर्त्याची खूण साखळीतल्या पहिल्या कडीवर, आणि एकदाच. 'डिडन्ट वेन्ट' मध्ये भूतकाळ दोनदा आला. 'डज ही गोज?' मध्ये 'स' दोनदा आला. पहिल्यानं खूण उचलली की दुसरं मोकळं: 'डिडन्ट गो', 'डज ही गो?'

दुसरा नियम: प्रत्येक सहायक आपल्या पुढच्या क्रियापदाचं रूप ठरवतं. 'डू, डज, डिड' आणि सगळी मोडल यांच्यापुढे पहिलं रूप. 'हॅव, हॅज, हॅड' यांच्यापुढे तिसरं रूप. 'बी'च्या पुढे, क्रिया चालू असेल तर 'इंग'चं रूप आणि कर्मणी वाक्य असेल तर तिसरं रूप.

आता कितीही लांब साखळी सोडवता येते. 'ही मे हॅव बीन स्लीपिंग', म्हणजे तो त्या वेळी झोपलेला असेल. 'मे'पुढे पहिलं रूप 'हॅव', 'हॅव'पुढे तिसरं रूप 'बीन', 'बीन'पुढे चालू क्रियेचं 'स्लीपिंग'. 'द ब्रिज हॅज बीन रिपेअर्ड' मध्ये 'हॅज'पुढे 'बीन' आणि कर्मणी 'बीन'पुढे 'रिपेअर्ड'. बारा काळांचे तक्ते वेगवेगळे पाठ करण्यापेक्षा हे दोन नियम पक्के करा, असं मी आग्रहानं सांगतो. तक्ते याच नियमांतून तयार होतात.

नकार करायचा तर पहिल्या सहायकानंतर 'नॉट'. प्रश्न करायचा तर पहिलं सहायक उचलून कर्त्याच्या आधी. 'शी इज कुकिंग', 'शी इज नॉट कुकिंग', 'इज शी कुकिंग?' वाक्यात सहायकच नसेल, जसं 'शी कुक्स', तर 'डू' मदतीला येतं: 'शी डझन्ट कुक', 'डज शी कुक?' हे 'डू' नेहमीच सक्तीचं नव्हतं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी नेऊन विचारायचीही पद्धत होती. आजच्या इंग्रजीत ती मुभा फक्त 'बी'ला उरली आहे. म्हणून 'इज शी अ डॉक्टर?' बरोबर आणि 'डज शी इज अ डॉक्टर?' चूक.

'हॅव' आणि 'डू' इथे गोंधळ घालतात, कारण दोघंही कधी मुख्य असतात, कधी सहायक. ओळखायचं असं: साखळीत त्यांच्यापुढे दुसरं क्रियापद असेल तर ते सहायक, नसेल तर मुख्य. 'आय हॅव फिनिश्ड' मध्ये 'हॅव' सहायक. 'आय हॅव अ पेन' मध्ये मुख्य, म्हणून त्याचा प्रश्न 'डू यू हॅव अ पेन?' 'डू' मुख्य असलं तर त्यालाही 'डू'ची मदत लागते: 'डिड यू डू युअर होमवर्क?' दोनदा आलं म्हणून दचकू नका, पहिलं प्रश्नासाठी आहे आणि दुसरं अभ्यासासाठी.

प्रश्नाबाबत दोन सूचना. 'कोण' किंवा 'काय' हाच कर्ता असेल तर 'डू' येत नाही: 'हू केम?', 'व्हॉट हॅपन्ड?' आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उलटापालट बंद: 'टेल मी व्हेअर ही इज.' आपल्याकडे 'टेल मी व्हेअर इज ही' सर्रास ऐकू येतं.

सहायकाची आणखी दोन कामं मराठी कानाला सहज कळतील. 'तू येतोयस ना?' मधलं 'ना' सगळीकडे एकच. इंग्रजीत त्या जागी वाक्यातलंच सहायक उलट करून परत म्हणतात: 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'ही कॅन स्विम, कान्ट ही?' सहायक नसेल तर पुन्हा 'डू'. म्हणून प्रत्येक वाक्याला 'इजन्ट इट?' चिकटवू नका. दुसरं काम आपल्या 'च'चं. 'मी दाराला कुलूप लावलंच होतं' असं ठासून सांगायचं तर 'आय डिड लॉक द डोअर', आणि बोलताना जोर त्या 'डिड'वर.

पायरी चौथी: एका 'आहे'ची फोड

मराठीतलं 'आहे' इंग्रजीत जाताना फुटतं. ते कसं फुटतं हे एकदा नीट कळलं की निम्म्याहून अधिक घोटाळे मिटतात, असा माझा अनुभव आहे.

कोणी काय आहे, कसं आहे, कुठे आहे असं असेल तर 'बी'. 'ती डॉक्टर आहे', 'चहा गरम आहे', 'आई स्वयंपाकघरात आहे'. तिन्हीकडे 'इज'.

जवळ असणं, नातं असणं, आजार असणं, भाग असणं असेल तर 'हॅव'. 'तिच्याकडे स्कूटर आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'त्याला ताप आहे', 'आमच्या घराला तीन खोल्या आहेत'. शेवटच्या वाक्यात घरच कर्ता होतं: 'अवर हाउस हॅज थ्री रूम्स.' मराठीत 'ला' आणि 'कडे' लागलेला शब्द इंग्रजीत कर्त्याच्या जागी येतो, हीच खूण. पण भूक, थंडी, वय इथे ही खूण फसवते. 'मला भूक लागलीय' हे 'आय ॲम हंग्री', 'मला थंडी वाजतेय' हे 'आय ॲम कोल्ड', आणि वय सांगतानाही 'आय ॲम ट्वेन्टी'. ही वेगळी लक्षात ठेवा.

नवी गोष्ट ऐकणाऱ्याला पहिल्यांदा दाखवायची असेल तर 'देअर इज'. हा फरक मराठीत आपण शब्दांच्या क्रमानं करतो. 'टेबलावर एक पत्र आहे', इथे पत्राची ही पहिलीच ओळख, म्हणून 'देअर इज अ लेटर ऑन द टेबल.' 'पत्र टेबलावर आहे', इथे कोणतं पत्र ते दोघांना माहीत आहे, म्हणून 'द लेटर इज ऑन द टेबल.' आपल्याला हा फरक जन्मापासून येतो, फक्त तो जागा करायचा आहे.

आणि सहायक म्हणून आलेलं 'आहे'. 'मी जेवतो आहे', काम चालू, म्हणून 'आय ॲम ईटिंग'. 'मी जेवलो आहे', काम झालेलं, म्हणून 'आय हॅव ईटन'. मागचा शब्द 'तो, ते, त' चा की 'लो, ला, लं' चा, हे पाहिलं की कोणतं सहायक घ्यायचं ते कळतं. दोन ठिकाणी सावध राहा. 'काल', 'गेल्या वर्षी' असा संपलेला वेळ सांगितला असेल तर 'हॅव' नको: 'आय सॉ हिम यस्टरडे.' आणि 'मी इथे पाच वर्षं राहतोय' हे मराठीत चालू वर्तमान दिसतं, पण इंग्रजीला त्यातली मागची पाच वर्षंही दाखवावी लागतात: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणू नका, 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो, जसं '२०२०', 'मंडे'.

'हॅव'चं एक काम शाळेत फार कमी शिकवतात. 'मी केस कापले' असं आपण म्हणतो, कात्री न्हाव्याच्या हातात असली तरी. 'आय कट माय हेअर' म्हटलं की इंग्रजी माणूस तुम्ही आरशासमोर स्वतः कापले असं समजेल. दुसऱ्याकडून करून घेतलं तर 'हॅव', मग वस्तू, मग तिसरं रूप: 'आय हॅड माय हेअर कट.' आपलं 'करवून घेणं' ते हेच.

पायरी पाचवी: जोडणारी क्रियापदं

काही क्रियापदं कृती सांगत नाहीत. कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात. 'बी' हे त्यांतलं मुख्य, मग 'सीम', 'बिकम', आणि 'लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील'. मराठीत इथे 'दिसणे, लागणे, वाटणे' येतात: 'आमटी खारट लागते', 'ती थकलेली दिसते'. कसोटी सोपी. क्रियापदाच्या जागी 'इज' ठेवून अर्थ टिकला, तर ते जोडणारं. 'द सूप टेस्ट्स सॉल्टी' मध्ये 'इज' चालतं. 'शी टेस्टेड द सूप' मध्ये नाही चालत, इथे ती चव घेते आहे. जोडणाऱ्या क्रियापदापुढे विशेषण येतं, म्हणून 'यू लुक ब्यूटिफुल', 'ब्यूटिफुली' नाही.

पायरी सहावी: कर्म लागतं की नाही

'काय?' किंवा 'कोणाला?' विचारून उत्तर मिळालं तर सकर्मक, नाही मिळालं तर अकर्मक, हे मराठी व्याकरणातही शिकलो आहोत. इंग्रजीत घोळ होतो तो आपल्या विभक्तीमुळे. आपण मराठीतला प्रत्यय उचलून त्याला एक इंग्रजी शब्द शोधतो. 'विषयाबद्दल चर्चा केली', म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. 'पुण्याला पोहोचलो', म्हणून 'रीच्ड टु पुणे'. 'तिच्याशी लग्न केलं', म्हणून 'मॅरिड विथ हर'. 'डिस्कस', 'रीच', 'मॅरी', 'एन्टर', 'आन्सर' ही इंग्रजीत थेट कर्म घेतात, मध्ये काही नको. उलट 'गाणं ऐक', 'माझी वाट बघ' यांत आपल्याला काही जोडावं लागत नाही, पण इंग्रजीत 'लिसन टु', 'वेट फॉर' हवं. नवं क्रियापद वहीत लिहाल तेव्हा एकटं लिहू नका, कर्मासकट लिहा.

'गिव्ह', 'सेन्ड', 'शो', 'टेल' दोन कर्मं घेतात: 'गिव्ह मी द की.' 'एक्स्प्लेन' आणि 'सजेस्ट' यांना ते जमत नाही. म्हणून 'एक्स्प्लेन मी' ऐवजी 'एक्स्प्लेन इट टु मी'. 'सांगितलं'चाही असाच भेद. 'टोल्ड'नंतर माणूस लगेच येतो, 'ही टोल्ड मी'. 'सेड'नंतर माणूस आणायचा तर 'टु' हवा.

मराठीत 'ग्लास फुटला' आणि 'मी ग्लास फोडला' यांना दोन क्रियापदं आहेत. तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, किती नेटकी जोडी. इंग्रजीत 'ब्रेक', 'ओपन', 'मेल्ट', 'बॉइल' दोन्हीकडे तेच: 'द ग्लास ब्रोक', 'आय ब्रोक द ग्लास'. फक्त कर्म आहे की नाही ते पाहायचं.

कर्मणी प्रयोग सकर्मकाचाच होतो. 'अपघात झाला' यातलं 'झाला' म्हणजे 'वॉज' असं मनात पक्कं बसलेलं असतं, आणि अर्जांत, तक्रारींत 'ॲन ॲक्सिडेन्ट वॉज हॅपन्ड' लिहिलं जातं. 'हॅपन', 'अकर', 'डाय', 'अराइव्ह' अकर्मक आहेत, त्यांना 'वॉज' लावून कर्मणी करता येत नाही. 'ॲन ॲक्सिडेन्ट हॅपन्ड', बस.

पायरी सातवी: स्थिती सांगणारी क्रियापदं

'मला आठवतंय', 'मला कळतंय', असं आपण सहज म्हणतो. त्यामुळे 'आय ॲम रिमेम्बरिंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' जिभेवर येतं. इंग्रजीत माहिती, मत, आवड, गरज, मालकी या स्थिती आहेत, चालू कृती नाहीत. 'नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, लाइक, वॉन्ट, नीड, ओन, बिलाँग' यांना सहसा 'इंग'चं रूप देत नाहीत. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ असतील तर मात्र पाहा. 'आय थिंक' म्हणजे मला वाटतं, 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे मी विचार करतोय. 'आय हॅव अ कार', पण 'आय ॲम हॅविंग लंच', कारण जेवण ही कृती आहे.

पायरी आठवी: मोडल

मोडलना 'स' लागत नाही आणि पुढे 'टु' येत नाही: 'ही कॅन स्विम'. अर्थ मात्र मराठीतून पकडा. 'पाहिजे' आणि 'हवं' यांत तीन गोष्टी दडलेल्या आहेत. 'मला चहा हवा' हे 'वॉन्ट', मोडल नाहीच. 'तू डॉक्टरकडे जायला हवंस' हा सल्ला, 'शुड'. 'हेल्मेट घातलंच पाहिजे' ही सक्ती, 'मस्ट'. परिस्थितीनं भाग पाडलं तर आपण 'लागतं' म्हणतो, 'मला पाचला उठावं लागतं', तिथे 'हॅव टु'. नकारात हे फार वेगळे होतात. 'यू मस्टन्ट गो' म्हणजे जायचं नाही, मनाई. 'यू डोन्ट हॅव टु गो' म्हणजे जायची गरज नाही.

'असेल' हे खात्रीनुसार बदलतं. 'तो घरी असेल': दिवा दिसतोय, गाडी उभी आहे, तर 'ही मस्ट बी ॲट होम'. नुसती शक्यता, तर 'ही मे बी ॲट होम'. मागे वळून बोलायचं तर मोडलपुढे 'हॅव' आणि तिसरं रूप, साखळीच्या नियमानंच: 'जायला हवं होतं', 'शुड हॅव गॉन'. आणि 'काल अखेर फॉर्म भरू शकलो' अशा एका वेळच्या यशाला 'कुड' घेऊ नका, 'आय वॉज एबल टु' म्हणा. नकारात 'कुडन्ट' चालतं.

पायरी नववी: क्रियापद दुसऱ्याच्या कामावर

'पोहणं', 'पोहायला', 'पोहून', 'पोहलेला' ही मराठीत क्रियापदाची रूपं असून नाम, विशेषण, क्रियाविशेषणाचं काम करतात. इंग्रजीत तेच काम 'टु'चं रूप, 'इंग'चं रूप आणि तिसरं रूप करतं. 'वॉन्ट, डिसाइड, होप, प्रॉमिस' यांच्यापुढे 'टु': 'आय डिसाइडेड टु गो'. 'एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश' यांच्यापुढे 'इंग': 'आय एन्जॉय स्विमिंग'. 'स्टॉप'पुढे दोन्ही येतात आणि अर्थ उलटतो. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्यानं सिगारेट सोडली, 'ही स्टॉप्ड टु स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला थांबला. पत्राच्या शेवटच्या 'लुकिंग फॉरवर्ड टु' पुढे क्रियापद आलं तर ते 'इंग'चंच येतं. आणि कंटाळा आला असेल तर 'आय ॲम बोअर्ड'. 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मी कंटाळवाणा आहे.

'टर्न ऑफ', 'गिव्ह अप', 'लुक आफ्टर' यांसारखी जोडक्रियापदं आपल्या 'खाऊन टाक', 'निघून गेला' यांच्यासारखी एक अर्थ म्हणूनच शिका. 'दिवा बंद कर' हे 'क्लोज द लाइट' नाही, 'टर्न ऑफ द लाइट'. 'इट' आलं तर मध्ये शिरतं, 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही: 'लुक आफ्टर इट'.

सरावाला सहा वाक्यं

आधी झाकून स्वतः करा, मग पुढे वाचा: बस अजून आली नाही. हे पत्र कुणी लिहिलं? मी तुला सांगायला हवं होतं. आम्ही घर रंगवून घेतलं. ती मुंबईत नोकरी करते ना? काल आमच्याकडे वीज नव्हती.

'द बस हॅजन्ट कम यट.' 'हॅज'पुढे तिसरं रूप, आणि 'कम'चं तिसरं रूप पुन्हा 'कम'. 'हू रोट धिस लेटर?' 'कोण' हाच कर्ता, म्हणून 'डिड' नाही. 'आय शुड हॅव टोल्ड यू.' 'टोल्ड'नंतर 'टु' घातला असेल तर सहावी पायरी पुन्हा वाचा. 'वी हॅड अवर हाउस पेंटेड.' 'वी पेंटेड' लिहिलंत तर ब्रश तुमच्या हातात आला. 'शी वर्क्स इन मुंबई, डझन्ट शी?' शेवटच्याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर: 'वी हॅड नो इलेक्ट्रिसिटी यस्टरडे' आणि 'देअर वॉज नो इलेक्ट्रिसिटी यस्टरडे'. पहिल्यात बोलणं आपल्याबद्दल आहे, दुसऱ्यात विजेबद्दल. तुम्ही कोणतं लिहिलं आणि का, ते वहीत त्या वाक्याखाली एका ओळीत लिहून ठेवा.